मांजराच्या यकृताची नोंद कोण ठेवणार?

शेतकीच्या मासिकांत मांजरावर लेख पाहून वाचकांस थोडें नवल वाटेल. गाय, बैल, म्हैस, फार तर कोंबडी, एवढ्यांच्याच रोगांस या पानांवर आजवर जागा मिळत आली. परंतु भाताच्या कणगीवर पहारा करणारा प्राणीही शेतकऱ्याच्या घरचाच होय. त्याच्या दुखण्याचा विचार आमच्या संघास गैर वाटूं नये.

आमचें वास्तव्य ठाण्यास नौपाड्यांत. तेथील जुनीं बैठीं घरें पडून उंच इमारती झाल्या, आणि अंगणांतलीं मांजरें चौथ्या-पांचव्या मजल्यावर राहावयास गेलीं. उंदीर मिळेनासे झाले खरे, पण मोटारींचें व कुत्र्यांचें भयही गेलें. त्यामुळें ऐन उमेदींत मरणारें मांजर आतां तेरा-चौदा वर्षें जगतें. आयुष्य वाढलें कीं म्हातारपणचीं दुखणीं आलींच. त्यांपैकीं एक, विरळा पण दुष्ट, म्हणजे यकृताचा व पित्तनलिकांचा कर्करोग.

आमच्या घरची मनी तेरा वर्षांची होती. गेल्या भाद्रपदांत ती दुधाकडे पाहीना; पाणी मात्र वारंवार पिऊं लागली. शेजारच्या आजीबाईंनीं तिच्या कानाची आंतली बाजू पिंवळी पडलेली दाखविली. कावीळ ठरली, आणि काविळीवर औषध सांगणारे आपल्याकडे हवे तितके! अकरा दिवस आम्हीं त्यांतच घालविले. ही दिरंगाई सर्वस्वीं आमची. पुढें सोनोग्राफी झाली, सुईनें यकृताचा कण काढून तपासला, तेव्हां पित्तनलिकांचा कर्करोग यकृताच्या सर्व भागांत पसरलेला निघाला. तिचे हाल थांबविण्यापलीकडे पशुवैद्यांच्या हातीं कांहीं उरलें नव्हतें.

लवकर गेलों असतों तर ती वांचली असती, असें आम्ही म्हणत नाहीं. पसरलेल्या या रोगावर शस्त्र चालत नाहीं. परंतु दोन गोष्टी तेव्हां आम्हांस ठाऊक नव्हत्या. मांजर, त्यांतून लठ्ठ मांजर, कांहीं दिवस उपाशी राहिलें कीं अंगची चरबी यकृतांत सांचते व तीच कावीळ होऊन त्याचा जीव घेते. वेळीं नळीनें अन्न घातल्यास हें दुखणें पुष्कळदां बरें होतें. दुसरें असें कीं, म्हाताऱ्या मांजराच्या यकृतांतील प्रत्येक गांठ कर्करोगाची नसते. पित्तनलिकांपासून निघणाऱ्या, पाण्यानें भरलेल्या पिशव्यांसारख्या साध्या गांठी मांजरांत बऱ्याच आढळतात. त्या एका भागापुरत्या असल्यास कापून काढतां येतात, आणि मांजर पुढें कित्येक वर्षें सुखानें जगतें. पोट चाचपून हा भेद कळत नाहीं. सोनोग्राफीनेंही नेहमीं कळत नाहीं. गांठीचा कण सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावाच लागतो, व तो काढण्यापूर्वीं रक्त नीट गोठतें कीं नाहीं हेंही पाहावें लागतें. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांस, मांजराचें पोट नुसतें दाबून, "कर्करोग आहे, इंजेक्शन देऊन संपवा," असा सल्ला मिळाला होता. तपासणीअंतीं गांठ साधी निघाली. तें मांजर आज खिडकींत बसून कबुतरांवर नजर ठेवतें. महसूल खात्यांत उभा जन्म गेलेल्या आम्हांस एवढें तरी कळतें कीं, पंचनाम्यापूर्वीं निकाल देऊं नये.

(जातां जातां : माणसाची पॅरासिटामॉलची गोळी मांजरास कदापि देऊं नये. तिचें विष पचविण्याचें सामर्थ्य मांजराच्या यकृतांत नाहीं. एका गोळीनेंही तें मरतें.)

कारणांविषयीं बोलावयाचें तर उष्ण व दमट प्रदेशांत पाल खाल्ल्यानें मांजराच्या पित्तनलिकांत एक चपटा कृमि शिरतो. तो वर्षानुवर्षें राहिल्यास तेथें दाह होतो, व अशा कांहीं मांजरांत पुढें कर्करोगही आढळला आहे. माजघरांत उंदीर न मिळणारें मांजर पालीवरच झडप घालतें, हें कोणत्याही गृहिणीस ठाऊक आहे. बुरशीचा प्रश्न तर थेट आपलाच. १९६० सालीं इंग्लंडांत बुरसट भुईमुगाच्या पेंडीनें एक लक्षाहून अधिक टर्की पक्षी मेले, व त्यांतून अफ्लाटॉक्सिन या विषाचा शोध लागला. १९७४ सालीं बांसवाडा व पंचमहाल या जिल्ह्यांत अवकाळी पावसानें भिजलेला मका खाऊन शंभरांवर माणसें यकृत बिघडून दगावलीं. त्याच घरांतलीं कुत्रींही मेलीं. मांजराच्या प्रत्येक गांठीचा दोष बुरशीवर टाकतां येत नाहीं, हें खरें. तथापि आपण टाकून दिलेला बुरसट दाणा वा भाकर जनावरापुढें सारण्याची संवय सोडण्यास एवढें पुरे.

आतां मुख्य मुद्द्याकडे येतों. या देशांत १९१९ पासून पशुगणना होत आली आहे. एकविसाव्या गणनेच्या यादींत याक आहे, हत्ती आहे, ससा आहे, कुत्रा आहे, मांजर नाहीं. ज्याची गणतीच नाहीं, त्याच्या रोगाची नोंद कोण ठेवणार? ठाणें जिल्ह्यांत किती मांजरें यकृताच्या रोगानें मरतात, हें कोणत्या दप्तरांत पाहावें?

म्हणून आमची सूचना अशी कीं, संघाच्या पुढील पशुतपासणी शिबिरांत दहा वर्षांवरील मांजरांसही आणूं द्यावें. त्यांचें वजन करून लिहून ठेवावें. लक्षण दिसण्यापूर्वीं वजन घटूं लागतें. मालकाची संमति असल्यास मेलेल्या मांजराचें यकृत तपासून घेण्याविषयीं संघानें परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयाशीं पत्रव्यवहार करावा. १८८६ पासून चालत आलेल्या त्या संस्थेस हें काम नवें नव्हे. खर्च फारसा नाहीं. नोंदवही आखण्याचें काम आम्ही विनामूल्य करूं. वय, वजन, आहार, पाल खाण्याची संवय व मृत्यूचें कारण, इतके रकाने तूर्त पुरतील.