थाळी स्वस्त असो, पण ताजी हवी

पाचगणी हे पूर्वीपासून आरोग्यासाठी नावाजलेले गाव. १९१२ साली डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी क्षयरोग्यांसाठी बेल एअर आरोग्यधाम काढले, ते याच गावी. अशा गावात ऐन हंगामात जेवणाची काय गत होते, ते गेल्या उन्हाळ्यात अनुभवास आले.

स्वस्त आणि सदैव भरलेल्या एका खानावळीत दुपारी तीनच्या सुमारास जेवायला बसलो. भात कोमट, डाळ दाताखाली येणारी, भज्यांना जुन्या तेलाचा वास. शेजारच्या ड्रायव्हरने निम्मे ताट तसेच ठेवले, पैसे दिले आणि निमूटपणे निघून गेला. ‘एवढ्या पैशांत आणखी काय मिळणार?’ ही आपली समजूतच खरे दुखणे आहे, असे माझे मत आहे.

सकाळी शिजवलेला भात तसाच पातेल्यात राहिला, की त्यात शिजवूनही टिकून राहिलेले काही जंतू वाढतात आणि विष तयार करतात. भात पुन्हा गरम केला तरी ते विष नष्ट होत नाही. मग उलट्या होतात आणि दोष दिला जातो घाटातल्या वळणांना! शिजवलेले अन्न एक तर ६० अंश सेल्सियसच्या वर गरम ठेवावे, नाही तर दोन तासांच्या आत संपवावे.

डाळीचे कारण वेगळे. पाचगणी सुमारे १३०० मीटर उंचीवर आहे. तिथे पाणी ९५-९६ अंशांनाच उकळते. त्यामुळे उघड्या पातेल्यात डाळीला जास्त वेळ लागतो. ती आधी भिजवावी किंवा कुकरला लावावी. राजमा तर अर्धाकच्चा कधीच वाढू नये, त्याने पोट हमखास बिघडते.

तळणीच्या तेलाबाबत कायदाच आहे. वारंवार तापवून तेलात तयार होणारी ‘पोलर’ द्रव्ये २५ टक्क्यांवर गेली, तर ते तेल वापरण्यास १ जुलै २०१८ पासून मनाई आहे. तेल काळपट, चिकट झाले आणि त्यावर फेस येऊ लागला, की ते बदलायला हवे, हे कोणाही आचाऱ्याला कळते.

मालकांची अडचण खरी आहे. हंगाम थोडे दिवस, गर्दी फार आणि गॅस महाग. पण त्यावर उपाय पदार्थ कमी करण्याचा आहे, शिळे वाढण्याचा नव्हे. गरम पिठले, भाकरी आणि कांदा एवढेच दिले, तरी कोणी नाव ठेवणार नाही.

वाचकहो, स्वस्त खानावळीत जेवतात ते मजूर, ड्रायव्हर, विद्यार्थी. आजारपणाचा खर्च त्यांनाच सर्वांत जड जातो. म्हणून भात कोमट असेल तर परत करा, आणि तळलेले घेण्याआधी कढईकडे एकदा पाहा. एवढ्यानेही सुधारणा झाली नाही, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करा. खानावळीने दर्शनी भागात लावायचा परवाना किंवा नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक तक्रारीत लिहा. कमी पैसे मोजणाऱ्याचे पोट काही कमी मोलाचे नसते.