देवीचं निमित्त कशाला?

लोणारच्या विवराच्या काठावर तासभर थांबलं की तिथे येणाऱ्या बायकांचे दोन प्रकार दिसतात. एक, कमळजादेवीच्या दर्शनाला आलेल्या. हातात ओटीचं सामान, कडेवर मूल, पायात साधी चप्पल, आणि तरी पायऱ्या भराभर उतरणाऱ्या. दुसऱ्या, नवऱ्यामुलांबरोबर सरोवर पाहायला आलेल्या. यातल्या बऱ्याचजणी वरूनच पाहतात आणि परत फिरतात, कारण मूल पेंगुळलेलं असतं किंवा डबे उघडायची वेळ झालेली असते. तिसरी बाई, म्हणजे निव्वळ चालावंसं वाटलं म्हणून चार मैत्रिणींना घेऊन आलेली, फार क्वचित भेटते. हा लेख तिच्याविषयी आहे.

छत्रपती संभाजीनगरहून जालना, सिंदखेडराजा करत लोणार साधारण दीडशे किलोमीटर. उल्का आदळून काळ्या बसाल्ट खडकात पडलेला हा खड्डा वरच्या काठाशी जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद आहे आणि खोली सुमारे दीडशे मीटर. वर धारेवर गोमुखाचं गोडं पाणी बारा महिने वाहतं, खाली सरोवराचं पाणी खारट आणि अल्कधर्मी. जून २०२० मध्ये हे पाणी गुलाबी झालं, तेव्हा मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तसं झाल्याचं पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवराचा रामसर यादीत समावेश झाला. हे सगळं वर्तमानपत्रांत येऊन गेलं आहे. पण उतारावरची झाडी, मोरांचे आवाज, पडझड झालेली जुनी देवळं, काठाजवळचा तो उग्र वास, आणि पाण्याच्या कडेकडेने जाणारी पाऊलवाट, हे चालल्याशिवाय कळत नाही. आपल्या भागात तळ्याभोवती चालण्यासारखी याहून सुंदर जागा मला माहीत नाही.

आमच्या वस्तीतल्या बचत गटात मागे सहलीचा विषय निघाला. सरोवराभोवती चालून यायचं, एवढंच ठरलं. पुढच्या बैठकीला निम्म्याजणींचा घरून नकार आला. ‘चालायला एवढ्या लांब कशाला? इथे काय कमी चालतेस?’ असं एका सासूबाईंनी विचारलं. मग गटातल्याच एका हुशार बाईने तोड काढली: घरी सांगायचं, कमळजादेवीला जातोय. आठवड्यात परवानग्या मिळाल्या! सगळ्या हसल्या, मीही हसले. तेवढ्यात मागे बसलेली एक मुसलमान मैत्रीण शांतपणे म्हणाली, ‘आणि मी घरी काय सांगू?’ तिच्या शेजारच्या बौद्ध बाईनेही मान हलवली.

मैत्रिणींनो, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही. आपल्याकडे बाईला चालायला बंदी आहे असं नाही. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर ती पंढरपूरपर्यंत पायी जाते. दसऱ्याला धम्मचक्र प्रवर्तनदिनी हजारो बौद्ध बाया शहरामागच्या लेण्यांकडे चालत जातात. उरुसात मुसलमान बाया खुलताबादला जातात. चालण्याच्या टोकाला देव, दर्गा किंवा विहार असला म्हणजे वाट खुली. पण ही प्रत्येक वाट वेगळी आहे. ज्या बाया एका नळावर पाणी भरतात, एका गटात वीस-वीस रुपये टाकतात, त्या घराबाहेर मोकळ्या हवेत पडतात तेव्हा मात्र आपापल्या जातीधर्माच्या रांगेतच चालतात. एकत्र चालायची जागा कोणाच्याच देवाची नसावी लागते. तळं तसं असतं.

काही कार्यकर्त्या म्हणतात, असू दे की निमित्त, बाई घराबाहेर पडली हे महत्त्वाचं. यात तथ्य आहे. वर्षानुवर्षं आपल्या आयाबायांनी व्रतवैकल्यांतून दोन तासांची मोकळीक मिळवली आणि त्याबद्दल त्यांना नावं ठेवायचं मला कारण दिसत नाही. पण या सोयीची किंमत असते. देवीचं निमित्त सांगितलेल्या बाईची पाळी आली की घरूनच तिचं जाणं रद्द होतं. परत आल्यावर प्रसाद दाखवावा लागतो. आणि मुख्य म्हणजे पुढच्या वेळीही परवानगी देवीलाच मिळते, तिला मिळत नाही.

त्या सासूबाईंचा प्रश्न मात्र खोटा नाही. मराठवाड्यातली बाई काय कमी चालते? डोक्यावर हंडा घेऊन, सरपणाची मोळी घेऊन, शेतावर भाकरी घेऊन ती चालतेच आहे. शहरात धुण्याभांड्याच्या कामांसाठी पाच घरं फिरणारी बाई दिवसाकाठी किती चालते ते तिच्या टाचांना विचारा. ओझं नसलेलं चालणं तेवढं तिच्या वाट्याला येत नाही. सरकारच्याच २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरातल्या बिनमोबदला कामासाठी बाया दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. मार्च २०२३ पासून एस.टी.त बाईला अर्धं तिकीट आहे, ही चांगलीच गोष्ट झाली. पण तिकीट अर्धं झालं म्हणून स्वयंपाक अर्धा होत नाही.

हे केवळ आपल्याकडचं मागासलेपण आहे असंही समजू नये. डोंगरातल्या तळ्यांभोवती हिंडण्याचा षोक जिथून जगभर पसरला त्या आल्प्समध्ये १८०८ साली माँ ब्लाँचं शिखर गाठणारी पहिली बाई मारी पारादी ही शामोनीतली एक मोलकरीण होती. तरी स्वित्झर्लंडच्या आल्प्स मंडळाने १९०७ मध्ये बायकांना दार बंद केलं. त्यांनी १९१८ मध्ये स्वतःचं मंडळ काढलं आणि दोन्ही एकत्र यायला १९८० साल उजाडलं. तोपर्यंत स्विस बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळूनही (१९७१) नऊ वर्षं झाली होती.

आणि आपल्याकडे कळसूबाई आहे. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर, १६४६ मीटर. घरकाम करणारी ही मुलगी अटीबाहेरची भांडी घासायला लावली म्हणून काम टाकून डोंगरावर निघून गेली, अशी कथा गावकरी सांगतात. तिचं देऊळ झालं. तिने काम टाकलं, ही गोष्ट मागे पडली.

आपल्या चळवळीतला आक्षेप मला ठाऊक आहे. जळितांच्या केसेस, पोटगीचे दावे, परित्यक्तांचे रेशनकार्ड, हे सगळं पडलेलं असताना सहलीची चैन कुठून सुचते? मी स्वतः हीच कामं करते. समुपदेशनाच्या खोलीत खुर्चीवर बसून जी बाई एक शब्द बोलत नाही ती चालताना बोलते, हे मी कितीदा पाहिलं आहे. पण हे कारण पुढे करून मला मागणी करायची नाही. तेही पुन्हा निमित्तच झालं. मुंबईत शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी २०११ मध्ये पुस्तक लिहून बाईला सार्वजनिक जागेत विनाकारण असण्याचा हक्क मागितला. तो मुंबईपुरता का राहावा? आमच्या गावात सलीम अली सरोवर आहे, हिमायत बाग आहे, गोगाबाबा टेकडी आहे. पहाटे टेकडीवर पुरुषांचे घोळके असतात. वस्तीतली बाई त्या वेळी नळावर असते.

तेव्हा गटांनी काही साध्या गोष्टी हातात घ्याव्यात. विवरात उतरून वर यायला तीन-चार तास लागतात. तेवढ्या वेळात लघवीला जायचं कुठे, हा बाईचा पहिला प्रश्न असतो आणि म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. मुंबईतल्या संघटनांनी २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालवली. तळी, टेकड्या, लेणी यांच्यासाठीही ती हवी, आणि वाटेवर मोरी बांधताना तिथल्या जंगलाला धक्का लागणार नाही हेही पाहायला हवं, कारण लोणार अभयारण्य आहे. माहिती सांगायला लोणारच्याच बायांना शिकवून नेमावं. पूर्वी ज्या उतारांवर त्यांच्या घरच्यांची गुरं चरली, ती झाडं त्यांना आपल्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. दर शिबिरात अर्धा दिवस व्याख्यान कमी करून चालण्यासाठी ठेवावा, आणि कार्यक्रमपत्रिकेत त्याला ‘आरोग्य’ किंवा ‘व्यक्तिमत्त्व विकास’ असं नाव देऊ नये.

आमच्या गटाची ती सहल शेवटी झाली. कमळजादेवीचं नाव वगळायचं असं बायांनीच ठरवलं, त्यामुळे बावीसजणींऐवजी तेरा आल्या. त्यांत मागे बसणाऱ्या त्या दोघी होत्या. उरलेल्या नऊजणींच्या घरी जाऊन बोलायचं काम आता सुरू आहे. त्या सासूबाईंकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, खाली उतरायला पायऱ्या किती आहेत?