कोंडलेली स्प्रिंग
आमची पद्मिनी जन्मली मुंबईत कुर्ल्याला. पण कूळ सोलापूरचेच! प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी १९४४ साली काढणारे शेठ वालचंद हिराचंद जन्माने सोलापूरकर.

यंदा दसऱ्याच्या सुटीत अंगणातच तिच्या पुढच्या आर्मचे झिजलेले रबरी बुश मी बदलले. वाचकहो, मोटार नुसत्या जॅकवर सोडून खाली शिरू नये; दणकट घोड्या लावाव्यात. दबलेली स्प्रिंग म्हणजे कोंडलेले मांजर! क्लँपने बांधल्याविना आर्म सोडाल, तर हात गमावाल. बुशचे नट मात्र चाके जमिनीला टेकून गाडीचा भार आल्यावरच शेवटचे आवळावेत. अधांतरी आवळले तर रबर पिळलेलेच राहते नि लौकर फाटते.

“एका बुशापायी दोन दिवस?” सौभाग्यवतींनी विचारले.

म्हटले, “पुढच्या सीटवर आई बसते ना!”