रॉकेटची मोटार कशी निवडतात?

मोटार म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे विहिरीवरची मोटार उभी राहते. तीन अश्वशक्तीची घ्यावी की पाचाची, हे आपण विहिरीची खोली आणि पाणी किती उंच चढवायचे हे पाहून ठरवतो. अमेरिकेत हौसेने मोठी रॉकेटे उडवणारी माणसे असाच हिशेब करतात. फरक एवढाच, की त्यांची मोटार काही सेकंदांत जळून संपते आणि चूक झाली तर दुरुस्तीला सवड मिळत नाही. २०२३ साली चांद्रयान-३ चंद्रावर उतरले, तेव्हापासून आपली पोरेही रॉकेटविषयी विचारतात. म्हणून हे आईबापांनीही वाचावे.

या छंदाची सुरुवात मक्याच्या मुलखात, नेब्रास्का राज्यातल्या नॉरफोक गावी झाली. तेथील जोड्यांचे दुकानदार ऑर्विल कार्लाइल यांनी १९५४ च्या सुमारास भावाच्या मदतीने कागदी रॉकेट केले. पुढे १९५७ साली रशियाचा स्पुटनिक उडाला आणि अमेरिकेतली पोरे लोखंडी नळ्यांत दारू ठासू लागली. कित्येक जखमी झाली. तेव्हा हॅरी स्टाइन या रॉकेट-तज्ज्ञाने कार्लाइल यांची युक्ती उचलून धरली. रॉकेट घरी करा, पण मोटार कारखान्यात तयार झालेलीच वापरा, असा तो नियम. आजही तो पाळतात.

रॉकेटचे अंग जाड पुठ्ठ्याच्या नळीचे, टोक हलके आणि मागची पाती प्लायवुडची असतात. वजनाचा तोल पुढे आणि वाऱ्याचा दाब मागे पडला पाहिजे. बाणाला मागे पिसे लावतात, ती याचसाठी. लहान रॉकेट तोलाच्या जागी दोरी बांधून गोफणीसारखे फिरवून पाहतात. टोक पुढे ठेवून फिरले तर ते सरळ जाईल.

आता मोटार. मोटारींना ए, बी, सी अशी अक्षरे असतात आणि प्रत्येक पुढच्या अक्षराची ताकद आधीच्याच्या दुपटीपर्यंत जाते. ‘एच’ म्हणजे १६० ते ३२० न्यूटन-सेकंद. तेथून पुढची ती मोठ्या शक्तीची रॉकेटे. पण नुसते अक्षर पाहून भागत नाही. समजा, मोटारीसह रॉकेट दीड किलोचे आहे, म्हणजे त्याचे वजन सुमारे १५ न्यूटन. जोर वजनाच्या निदान पाचपट हवा, असा ठोकताळा आहे. म्हणजे ७५ न्यूटन. एक मोटार २०० न्यूटन जोर १ सेकंद देते, दुसरी ५० न्यूटन जोर ४ सेकंद देते. दोन्ही ‘एच’च. पण दुसरीने हे रॉकेट दांडीवरून रेंगाळत सुटेल, पात्यांना वारा मिळणार नाही आणि ते वाकडे जाईल. चढावर भरली गाडी हलवायला पहिला हिसका लागतो, तसेच हे. मात्र पहिल्या मोटारीचा हिसका सोसायला पाती पक्की चिकटलेली हवीत.

मोटारीवर तिसरा आकडा असतो तो थांब्याचा. जळण संपल्यावर रॉकेट वेगाच्या भरात वर जाते आणि काही सेकंदांनी छोटा बार उडून हवाई छत्री बाहेर पडते. थांबा कमी पडला तर भर वेगात छत्री फाटते. जास्त झाला तर रॉकेट नाक खाली करून जमिनीकडे येते. म्हणूनच अमेरिकेत ‘एच’ मोटार हाती मिळायला सामान्यतः वय १८ पुरे लागते आणि जाणकारांसमोर रॉकेट उडवून, ते धड उतरवून दाखवावे लागते. वारा ताशी ३२ किलोमीटरहून जास्त असेल तर उडवतच नाहीत.

आता घरची गोष्ट. काड्यांचा गूल किंवा फटाक्यांची दारू नळीत ठासून रॉकेट करण्याचा नाद पोरांना लागू देऊ नका. बोटे आणि डोळे परत मिळत नाहीत, शिवाय विनापरवाना स्फोटक तयार करणे १८८४ च्या कायद्याने गुन्हा आहे. १८ जुलै १९८० रोजी उडालेल्या एसएलव्ही-३ च्या चारही टप्प्यांत घन इंधन होते. ते काम करणाऱ्यांत आपले वसंत गोवारीकर अग्रभागी होते. पण ते काम प्रयोगशाळेतले, नियमांनी बांधलेले होते.

मग पोराला नुसते रागवावे का? नाही. सोडा-वॉटरची प्लॅस्टिकची बाटली घ्या, पुठ्ठ्याची पाती लावा, तिसरा हिस्सा पाणी भरा, घट्ट बूच बसवा आणि त्यातून सायकलच्या पंपाने हवा भरा. मोकळे रान हवे, मोठे माणूस जवळ हवे आणि बाटलीवर कोणी वाकू नये. पाणी कमी-जास्त करून, टोकाला वजन लावून उंची किती बदलते ते पोराला वहीत लिहायला सांगा. रॉकेटचे शास्त्र त्याला तेथेच कळू लागेल, आणि दहाही बोटे शाबूत राहतील.