कुमारकादंबरीचा अपुरा शेवट आणि वाचकाची तक्रार

किशोरवयीनांसाठी किंवा किशोरवयाविषयी लिहिलेल्या कादंबऱ्यांबाबत एक तक्रार नेहमी ऐकू येते : शेवट पटला नाही, त्या दोघांची ताटातूट व्हायला नको होती. वर्गात ती निघाली की आपण अध्यापक मंडळी किंचित हसतो, 'भावविवश वाचन' म्हणून तिची बोळवण करतो आणि संरचनेकडे वळतो. प्रस्तुत लेखकाच्या मते ही बोळवण घाईची आहे. शेवट बदलावासा वाटणे हे अपरिपक्वतेचेच लक्षण मानायचे, तर रामकथेच्या अखेरीस राम आणि सीता यांचे पुनर्मीलन घडवणाऱ्या भवभूतीचे काय करायचे?

लुइझा मे अल्कॉट यांची 'लिटल विमेन' शान्ता शेळके यांच्या 'चौघीजणी' या अनुवादामुळे मराठी वाचकांच्या घरचीच झाली आहे. मूळ कादंबरीचा पहिला भाग १८६८ मध्ये, दुसरा १८६९ मध्ये आला. मधल्या महिन्यांत वाचक मुलींनी लेखिकेला पत्रे लिहून ज्योचे लग्न लॉरीशी लावण्याचा आग्रह धरला. कोणाच्याही समाधानासाठी आपण ते लावणार नाही, असे अल्कॉट यांनी दैनंदिनीत नोंदवले. ज्योने अविवाहित लेखिका राहावे, असे त्यांच्या मनात होते. प्रत्यक्षात ज्योचे लग्न झाले ते प्राध्यापक भाएर यांच्याशी. म्हणजे हा शेवट ना वाचकांच्या इच्छेचा, ना पूर्णतः लेखिकेच्या.

येथे तक्रारीचे शब्द आणि तिचे मूळ वेगळे करून पाहावे लागते. लॉरीला दिलेला नकार कथानकात आधीपासून रुजलेला आहे; दोघेही तापट, दोघेही हट्टी, आणि ज्यो स्वतःच ते बोलून दाखवते. तो नकार दुखावतो, पण खोटा वाटत नाही. भाएर यांची गोष्ट निराळी. सनसनाटी कथांविषयीची त्यांची नापसंती जाणवताच ज्यो आपल्या तसल्या कथा चुलीत घालते. (अशाच कथा खुद्द अल्कॉट यांनी टोपणनावाने लिहिल्या होत्या, हे येथे ध्यानात ठेवलेले बरे.) पुढे ती पुन्हा लिहू लागते, हे खरे, तथापि शेवटच्या प्रकरणात तिच्याभोवती दिसतात त्या शाळेतली मुले आणि संसार. 'लॉरी का नाही?' असे विचारणारी मुलगी कदाचित 'ज्योच्या लेखणीचे काय झाले?' असे विचारत असते. केवळ तो प्रश्न नीट मांडण्याची भाषा तिच्यापाशी नसते. ती भाषा देणे हे आपले काम होते.

हीच तक्रार जॉन ग्रीन यांनी 'द फॉल्ट इन अवर स्टार्स' (२०१२) मध्ये चक्क कथानकाचा कणा केली. कर्करोगग्रस्त हेझेलची आवडती कादंबरी वाक्याच्या मध्यावरच संपते. नंतर त्या पात्रांचे काय झाले, हे विचारण्यासाठी ती ऑगस्टससह लेखकाच्या शोधात ॲमस्टरडॅम गाठते. लेखक उद्धटपणे सांगतो : कादंबरीबाहेर पात्रांना अस्तित्वच नाही. सैद्धान्तिक दृष्ट्या तो बरोबर आहे, आपणही वर्गात हेच शिकवतो. पण उत्तर मात्र चुकले आहे. हेझेल विचारते आहे ते मुलीच्या मृत्यूनंतर आईचे काय होते हे, आणि मरणार असलेली मुलगी ती स्वतः आहे. तिला उत्तर मिळते ते घरी, आपली आई समाजकार्याचे शिक्षण घेत असल्याचे कळते तेव्हा. ग्रीन यांच्याबद्दल आमची तक्रार उलटीच आहे. अपुऱ्या शेवटाचा इतका मार्मिक विचार केल्यावर त्यांनी स्वतःच्या कादंबरीला ऑगस्टसच्या पत्राचा गोड निरोप जोडायला नको होता.

मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'ने (२००४) असा निरोप टाळला आहे. आणीबाणीच्या काळातील नववीचे वर्ष, मुकुंद आणि शिरोडकर यांच्यातील जेमतेम उच्चारले गेलेले प्रेम, आणि अखेरीस शिरोडकरच्या कुटुंबाचे गाव सोडून जाणे. कोणी मरत नाही, कोणी फसवत नाही. मुकुंदापुढे दहावी उभी राहते.

भरताने विप्रलंभ आणि करुण यांत भेद केला तो अपेक्षेच्या निकषावर : विरहात पुनर्भेटीची आशा शिल्लक असते, करुणात ती संपलेली असते. 'शाळा'चा शेवट या दोहोंत बसत नाही. शिरोडकर कोठेतरी आहे, म्हणून शोक पुरा होत नाही. भेटीची वाट मात्र कथानकाने मोकळी ठेवलेली नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला शोक करण्याचा अधिकारही कोणी देत नाही, कारण घडले ते प्रेम होते हेच मोठ्यांच्या जगाला मान्य नसते. शिवाय निवेदन त्या मुलाचेच असल्याने, त्याला जे ठाऊक नाही ते वाचकाला कळवण्याची सोय नाही. वीस वर्षांनंतरची भेट दाखवणारे एक प्रकरण जोडले असते, तर तेथे प्रौढाचा आवाज आला असता आणि आधीच्या सगळ्या पानांवर स्मरणरंजनाची साय धरली असती.

म्हणून 'शाळा'चा शेवट अपुरा वाटला असे एखादा विद्यार्थी म्हणतो, तेव्हा त्याने कादंबरी अचूक वाचलेली असते. भाएर यांच्याविषयी कुरकुरणारी विद्यार्थिनीही अचूकच वाचत असते. तिला मात्र तेथे कादंबरीतील खरी फट सापडलेली असते. 'शेवटाची समर्पकता स्पष्ट करा' हा परीक्षेतील नेहमीचा प्रश्न समर्पकता आधीच गृहीत धरतो, आणि दोघांनाही एकाच साच्यातील उत्तर लिहायला लावतो.