दूध पिताना बाळाला घाम येतो?

हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी डावी धमनी महाधमनीऐवजी फुफ्फुसाच्या धमनीतून निघाली, तर त्या जन्मजात दोषाला ‘अल्कापा’ म्हणतात. तो सुमारे ३ लाख बाळांत एकाला असतो. जन्मानंतर काही आठवड्यांत फुफ्फुसाच्या धमनीतला दाब उतरतो आणि हृदयाला रक्त कमी पडू लागते. बाळ दूध पिताना रडते, घामाघूम होते, धाप लागते, वजन वाढत नाही. आपण गॅस समजून ग्राइप वॉटर पाजत बसतो. माझे स्पष्ट मत आहे, अशा बाळाचा ईसीजी आणि टूडी इको लगेच झालाच पाहिजे. उपचाराविना बहुतेक बाळे वर्षभरात दगावतात. वेळेत शस्त्रक्रिया झाली तर हृदय सावरू शकते. अमरावती-अकोल्याच्या पालकांनो, खर्चाच्या भीतीने थांबू नका. जिल्हा रुग्णालयात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची चौकशी करा. त्यातून हृदयाच्या शस्त्रक्रिया मोफत होतात.