पिंजऱ्याला कुलूप लावण्याआधी



गेल्या दोन महिन्यांत एकच प्रश्न मला तिघींनी विचारला. एकीने मंदिराच्या पायऱ्यांवर, एकीने लग्नाच्या पंगतीत आणि एकीने मुद्दाम फोन करून. "काकू, आमचा कुत्रा पिंजऱ्यातून बाहेर येतो हो. कडी सरकवतो, जाळी वाकवतो. तुमच्या मुलाकडेही कुत्रा आहे ना, तुम्ही काय केलंत?"

मी काय केलं ते सांगते. तुम्ही तसं करू नये, म्हणूनच सांगते.

माझ्या मुलाकडे पुण्यात सिंबा आहे. लॅब्रेडॉर, वय तीन वर्षं. लहान असताना घरात घाण करू नये म्हणून जाळीचा पिंजरा आणला होता. मुलं त्याला 'क्रेट' म्हणतात. मी पिंजराच म्हणते, कारण ज्याला बाहेरून कडी असते त्याला आपल्या भाषेत पिंजराच म्हणतात. पुढे मुलगा-सून दोघांचं घरून काम बंद झालं आणि सिंबा सकाळी नऊ ते संध्याकाळी सात त्यात राहू लागला. तिथून त्याचे बाहेर येण्याचे उद्योग सुरू झाले.

परवाच्या दशलक्षणासाठी मी त्यांच्याकडे गेले होते. घरात सोवळ्याचा स्वयंपाक, देवघर उघडं, आणि हा दांडगोबा मधेमधे. मी मंदिरात गेले की त्याला पिंजऱ्यात घालत असे. पहिल्या दिवशी त्याने कडी हलवून हलवून सरकवली. मी सुतळी बांधली, ती त्याने कुरतडली. मग प्लॅस्टिकचे बंद लावले. ते तोडल्यावर तार गुंडाळली. तारेच्या बाजूने त्याने जाळीच वाकवली. दर वेळी मी एक पायरी वर चढत होते आणि मनातून खूशही होत होते, की बघू आता कसा येतोस! सहाव्या दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानातून चांगलं भक्कम कुलूप आणलं. एकशे ऐंशी रुपये.

सातव्या दिवशी कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि मंदिरात गेले. दशलक्षणात रोज तत्त्वार्थसूत्राचा एक अध्याय वाचतात, त्याप्रमाणे त्या दिवशी सातवा होता. व्रतांचा. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपल्याला शाळेतल्या पाढ्यांसारखे पाठ असतात. बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. मीही सर्वांबरोबर म्हटले. मांडीवर पर्स, पर्समध्ये किल्ली, आणि पहिलाच शब्द 'बंध'. मला काहीसुद्धा जाणवलं नाही.

बाहेर येऊन फोन पाहिला तर शेजारच्या वहिनींचे चार मिस्ड कॉल. घरी पोहोचले तेव्हा सिंबाच्या तोंडातून रक्त येत होतं. वरचा सुळा अर्धा तुटला होता, पुढच्या पायाचं एक नख उपटलं होतं, हनुवटी जाळीवर घासून सोलली होती. अंथरलेली चादर लाळेने पिळून काढावी इतकी ओली. कुलूप मात्र जागच्या जागी होतं. ते काढताना माझ्या हातून किल्ली दोनदा खाली पडली.

तर मैत्रिणींनो, तुमच्या प्रश्नाचं सरळ उत्तर हे आहे. हो, कुत्र्याला बाहेर येऊ न देणारं कुलूप मिळतं. मी लावून पाहिलं. ते टिकलं, सुळा टिकला नाही.

जनावरांचे डॉक्टर आमच्यावर ओरडले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. त्यांनी समजावून सांगितलं की हा खोडकरपणा नव्हे. एकटं पडण्याच्या धसक्याने काही कुत्र्यांना अक्षरशः घबराट सुटते. त्या अवस्थेत दात तुटला तरी ते थांबत नाहीत. अशा कुत्र्याला जितक्या भक्कम पिंजऱ्यात कोंडाल तितकी इजा मोठी. काही कुत्री तर मोकळ्या खोलीत एकटी नीट राहतात, फक्त कोंडल्यावर बिथरतात.

मी बी.कॉम. आहे, लग्नाआधी दोन वर्षं एका पेढीत हिशेब लिहिले आहेत. रोजच्या रोख रकमेत तूट येत असेल तर आम्ही मोठी तिजोरी आणत नव्हतो, आधी तूट कुठे पडते ते शोधत होतो. कुत्र्याच्या बाबतीत मात्र मी सहा दिवस तिजोऱ्याच बदलत बसले. शेवटी बेरीज काय झाली? पिंजरा सहा हजार, कुलूप एकशे ऐंशी, भूल देऊन दात काढण्याचे चौदा हजार. आणि सिंबाने पुढचे दोन आठवडे माझ्या पर्सचा आवाज आला तरी पलंगाखाली शिरायचं, ते कुठल्या रकान्यात लिहू?

आता माझ्यावर जे आक्षेप घेतले गेले त्यांच्याकडे येते. एका मैत्रिणीने तर मला 'कुत्र्यासाठी शास्त्र काढणारी' म्हटलं. म्हणू दे.

पहिला आक्षेप असा, की कुत्रा मुळात गुहेत, बिळात राहणारा प्राणी. पिंजरा त्याला आवडतोच. अहो, बिळाला बाहेरून कडी असते का? कुत्रा आपणहून टेबलाखाली जाऊन झोपतो तेव्हा त्याला हवं तेव्हा उठून जाता येतं, म्हणून ती जागा त्याला आवडते. तुमच्या कुत्र्याला पिंजरा आवडत असेल तर दार उघडं ठेवा. तो आत जाऊन झोपेल. नाही गेला तर तुम्हाला उत्तर मिळालं.

दुसरा आक्षेप शेतकरी घरातल्या माझ्या नणंदेचा. "आपण गाई-म्हशी दाव्याला बांधतोच की. मग तोही बंध का?" प्रश्न चांगला आहे आणि आपल्या जुन्या आचार्यांनी तो टाळलेला नाही. श्रावकाचारावर लिहिणाऱ्यांनी बंधाचा फार बारकाईने विचार केला आहे. निष्कारण बांधू नये. कारण असेल तर बांधावं, पण गाठ सैल असावी, जनावराला हलता यावं, आणि आग लागली तर चटकन सोडवता यावं. शेकडो वर्षांपूर्वी, गोठ्यांच्या काळात त्यांना हे सुचलं होतं! या कसोटीला माझं कुलूप लावून पाहा. मुलाचा फ्लॅट सहाव्या मजल्यावर, सिंबा जाळीत, आणि किल्ली दोन किलोमीटरवर माझ्या पर्समध्ये. घरात शॉर्ट सर्किट झालं असतं तर? शेजारच्या वहिनींकडे दाराची किल्ली होती, पिंजऱ्याची नव्हती. त्या रात्री मला झोप आली नाही ती या विचाराने.

तिसरा आक्षेप, "म्हणून तर म्हणते, जैनाच्या घरात कुत्रा नकोच." हा आक्षेप ऐकायला धार्मिक वाटतो, पण हे अंग काढून घेणं झालं. कुत्रा आणावा की नाही हा आणण्याआधीचा प्रश्न. आणल्यावर तो जीव आपल्या आश्रयाला आहे. सोवळ्याचं म्हणाल तर स्वयंपाकघराला दार असतं, ते लावावं. जीवंधरकुमाराची कथा आपण सगळ्यांनी ऐकली आहे. मार खाऊन मरायला टेकलेल्या कुत्र्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र सांगितला आणि तो कुत्रा यक्ष झाला. जीवंधर सोवळं मोडेल म्हणून दूर उभा राहिला नाही. आणि मुंबईत १८३२ साली सरकारने कुत्री मारण्याची मोहीम काढली तेव्हा पारशी रस्त्यावर उतरले, आपली माणसंही त्यांच्या बाजूने उभी राहिली. त्यानंतर दोनच वर्षांत, १८३४ साली, तिथे पांजरपोळ उभी राहिली. पांजरपोळीला आपण दरवर्षी पावती फाडतो. तीच दया आपल्या हॉलच्या कोपऱ्यात कमी का पडते?

चौथा आक्षेप खरा आहे आणि त्याची मी थट्टा करणार नाही. "आम्ही दोघं नोकरीला जातो, तो सोफा फाडतो, चपला खातो, शेजारी तक्रार करतात. काय करू?" तर काय करायचं ते आमच्या घरी जे केलं त्यावरून सांगते.

आधी जुना मोबाईल खोलीत लावून ठेवा आणि तुम्ही गेल्यावर काय होतं ते चित्रित करा. कुत्रा आधी झोपतो, मग कंटाळून उठतो आणि कडीशी खेळतो, असं दिसलं तर त्याला व्यायाम कमी पडतोय. सकाळी दहा मिनिटं खाली नेऊन आणणं म्हणजे फिरवणं नव्हे. पण तुमच्यामागे दार बंद होताच तो धापा टाकू लागला, लाळ गाळू लागला, रडू लागला, दार ओरबाडू लागला, तर ती घबराट आहे. त्याला पिंजऱ्यातून काढा आणि डॉक्टरांकडे न्या. गरज पडली तर ते औषधही देतात, त्यात लाज कसली?

मग एकटं राहण्याची सवय थोडी थोडी लावायची. आम्ही एक मिनिटापासून सुरुवात केली. दाराबाहेर जाऊन यायचं, त्याला कळायच्या आत. मग दोन, मग पाच. बिघडलं की मागे यायचं. सून चिडायची, मी म्हणायचे, अगं, मुलाला शाळेत सोडताना आपण हेच केलं होतं. तीन महिने लागले. आता सिंबा मागच्या खोलीत राहतो. दाराला लहान मुलांसाठी मिळतं ते बुटकं फाटक लावलंय. दुपारी सोसायटीतला एक कॉलेजचा मुलगा त्याला फिरवून आणतो. अजूनही चप्पल खातो कधीकधी. चपला आता कपाटात असतात.

पिंजरा फेकून द्या असं मी म्हणत नाही. गाडीतून नेताना, शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी हालचाल बंद ठेवायला सांगितल्यावर, पिल्लाला बाहेर जाऊन शी-शू करायची सवय लावताना थोड्या वेळासाठी, पिंजरा उपयोगी असतो. त्यात त्याला उभं राहता, वळता आणि पाय ताणून झोपता आलं पाहिजे. जेवण आतच द्यावं, म्हणजे त्याला जागा आपली वाटते. आत असताना गळ्यातला पट्टा काढावा, तो जाळीत अडकून फास बसू शकतो. आणि शिक्षा म्हणून कधीही आत घालू नये. दिवाळीत फटाक्यांना घाबरून सिंबा आपणहून आत जाऊन बसला, वर चादर टाकली होती, दार उघडं होतं. तोच पिंजरा!

कायद्याचंही सांगते, कारण धर्माचं बोललं की काहीजणी म्हणतात, हे तुमचं जुनं झालं. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा आहे. त्याच्या ११ व्या कलमात पुरेशी हालचाल करता येणार नाही अशा पिंजऱ्यात प्राणी ठेवणं गुन्हा आहे. नेहमी बांधून किंवा कोंडून ठेवलेल्या कुत्र्याला मालकाने पुरेसा व्यायाम न देणं, हेही त्याच कलमात वेगळं लिहिलेलं आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये. इतक्या पैशात माझं कुलूपही आलं नसतं. म्हणजे कायद्याच्या भीतीने कोणी सुधारेल ही आशा सोडा. आपल्यावर लक्ष ठेवणारं आपणच आहोत.

शेवटी एक आठवण करून देते. नेमिनाथ भगवानांची वरात आपण गाण्यांतून, चित्रांतून लहानपणापासून पाहिली आहे. राजुल सजून बसली होती, वरात दाराशी आली होती, आणि वाड्यात कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांच्या कानावर पडला. त्यांनी विचारलं, यांना का कोंडलंय? उत्तर ऐकलं आणि रथ गिरनारकडे वळवला. आपल्याला गिरनारला जायचं नाही, लग्न मोडायचं नाही, फक्त तोच प्रश्न आपल्या घरातल्या पिंजऱ्यासमोर उभं राहून विचारायचा आहे. वरातीत गाणी वाजत असतानाही त्यांना तो आवाज ऐकू आला होता. मी मंदिरात बसले होते आणि माझा फोन सायलेंटवर होता.

पुढच्या वेळी कोणी मला विचारलं, "काकू, कुठलं कुलूप घेऊ?", तर मी आधी विचारणार आहे, "अगं, तो दिवसातून किती तास आत असतो?" उत्तर द्यायला जड वाटलं, तर कुलूप घेऊ नका.

क्षमावाणीला मी सगळ्यांची क्षमा मागितली. सिंबासमोरही हात जोडले. नातू हसला, हसू दे. माझं काही चुकलं असेल तर तुम्हीही क्षमा करा.

जय जिनेंद्र.